रिलीव्ह

आये, तू असतीस तर हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि अक्षराशी तर तुझं कधीच जमलं नाही, तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही. तरी लिहितेय.

अर्नाळ्याहून मासळीची पाटी घेऊन तू दारोदार फिरलीस आणि मला मात्र वसईच्या क्रीम-पावडरच्या कारखान्यात घातलंस. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा तू चुलीपुढे बोंबील साफ करत बसली होतीस. हात भरलेले, म्हणून नुसतं नाक पुढे करून तू माझा तळवा हुंगलास. मग म्हणालीस, "बाय, तुज्या हाताला बाजाराचा वास नाय." आणि हसता हसता रडायलाच लागलीस. मला तर लाजच वाटली, शेजारीण बघत होती. दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीला सांगून आलीस.

त्याच कारखान्यात मी डब्या भरता भरता लाइनची सुपरवायझर झाले. हाताखाली अकरा बायका. आमच्याकडे 'रिलीव्ह' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. पट्टा थांबत नाही, त्यामुळे कुणाला लघवीला किंवा चहाला जायचं तर दुसरी तिच्या जागी उभी राहते, म्हणते, जा गं, मी रिलीव्ह करते. दहा मिनिटांत पहिली परत. इतका गरीब शब्द आहे तो.

यंदा कंपनीने पुनर्रचना काढली. क्रीम आता दुसऱ्या राज्यातल्या नव्या कारखान्यात भरणार. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अकरा कागद दिले, सगळे इंग्रजीत. म्हणाले, बायका तुमचं ऐकतात, तुम्हीच समजावा. माझ्या नावाचा कागद त्यात नव्हता, ते मी आधी बघून घेतलं. खोटं कशाला बोलू?

बायकांनी विचारलं, ताई, काय लिहिलंय? मी वाचलं आणि सांगितलं, एक तारखेपासून या लाइनवरून तुम्हाला रिलीव्ह केलंय. म्हणजे लाइन बदलणार, दुसरं काय! त्यांनी माना डोलावल्या. एकीने तर विचारलं, लिपस्टिकच्या लाइनला टाका ना, तिथे एसी आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. चांदीप गावची एक आहे, तिने तर पेन माझ्याकडूनच मागून घेतलं.

एक तारखेला तीच डबा घेऊन गेटवर आली. वॉचमनने कार्ड काढून घेतलं. तिने तिथूनच मला फोन केला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "ताई, मला रिलीव्ह करायला कोन आली? मी तर अजून आत पन गेली नाय." एकोणीस वर्षं तिने माझ्या शेजारी काढली होती, आये.

युनियनवाल्याकडे मी स्वतः गेले. त्याने कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला, कामावरून काढलं असतं तर भांडलो असतो. यांनी स्वतःहून नोकरी सोडतो असं लिहून दिलंय, आता ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. त्या अकराही जणी आता घरी बसल्यात. दोघी विरारला घरकाम शोधतायत. पन्नाशीच्या बाईला कोण ठेवतं?

मी अजून जाते कामाला. पट्टा बंद आहे, मी रिकामे खोके मोजते. नायगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, नवऱ्याला, चर्चजवळ भेटलेल्या लाइनवरच्या दोघींना, सगळ्यांना मी एकच सांगते: शब्दाने घात केला हो, मलाच कळलं नाही. लोक चुकचुकतात. चांदीपची तर म्हणाली, तुमचा काय दोष ताई, इंग्रजीच मेली तशी.

आये, खाली सहीच्या वर 'रिझाइन' लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं.