बारा गावचं पाणी प्यालेला सेंटर

आई,

परवा इथे चेन्नईतच, अंबत्तूरला, माझा शेवटचा सामना झाला आणि आम्ही हरलो. एका आयटी कंपनीच्या संघाला बास्केटखाली उभा राहणारा उंच माणूस, म्हणजे सेंटर, हवा होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. संघात नागपूर-कोल्हापूरकडची पोरं, माझ्या निम्म्या वयाची, मला 'सर' म्हणणारी. शेवटच्या क्वार्टरमध्ये गुडघा ऐकेनासा झाला, तेव्हा मीच हात वर करून बाहेर आलो, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि शेजारच्या पोराला म्हणालो, "झालं माझं." त्याला वाटलं, आजच्यापुरतं. परतीच्या बसमध्ये मला रडू येईल अशी माझी समजूत होती. पण नुसती सडकून भूक लागली.

माझा खेळ मैदानापेक्षा आपल्या अड्यारच्या स्वयंपाकघरात जास्त घडला, असं मला आता वाटतं. तू टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटरची पाळी संपवून यायचीस, साडीचा पदर खोचायचीस आणि आमटीला फोडणी देता देता विचारायचीस, "आज काय शिकवलं?" एकदा मी ओट्यावर स्टीलची भांडी मांडून दाखवत होतो, की आपल्यातल्या एकाने आडवं उभं राहून त्यांच्या माणसाला अडवायचं, म्हणजे दुसऱ्याला वाट मोकळी मिळते. तू जरा वेळ बघितलंस आणि चिंचेची बरणी उचलून दुसरीकडे ठेवलीस. "ह्याजवर कोणाचंच लक्ष नाही की. चेंडू ह्यास दे." अप्पा पानावर बसून मीठ मागत होते. तू त्यांना म्हणालीस, "सरी, बरं, देते. मीठ आता बास्केटखाली उभं आहे." बिचारे तसेच अळणी जेवले.

मग तू सामन्यांना यायला लागलीस. पायऱ्यांवर सगळ्यात वरती बसायचीस आणि तिथून आपल्या तंजावरी मराठीत मला सांगत राहायचीस. तुझा आवाज एक्स्चेंजमध्ये कमावलेला. ओरडल्यासारखा वाटायचा नाही, पण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. "त्यास डावा हात नाही, डावीकडे ढकल." "तो उंच दमला, सीक्रम पळ." समोरच्या संघातल्या कोणालाही त्यातला 'सीक्रम' हा 'लवकर'साठीचा तमिळ शब्द सोडून काही कळायचं नाही. आमचे कोच तमिळ, त्यांनाही कळायचं नाही. पण तू बोललीस की मी नीट खेळतो, एवढं त्यांनी ताडलं होतं. एका सामन्याला तू पोचली नव्हतीस, तर त्यांनी मला विचारलं, "अम्मा कुठे आहेत? त्यांची पाळी बदलून घेता येणार नाही का?"

आणि मग तो पुण्याच्या संघाविरुद्धचा सामना. मी तेव्हा एका बँकेच्या संघात तात्पुरता होतो आणि त्या स्पर्धेनंतर आमच्यातल्या कोणाला तरी कायमची नोकरी मिळणार होती. अप्पांनी सकाळीच देवापुढे नारळ ठेवला होता. खेळ सुरू झाला आणि तू नेहमीसारखी म्हणालीस, "त्या दाढीवाल्यास उजवीकडे वळता येत नाही." दाढीवाला, म्हणजे त्यांचा कॅप्टन, चेंडू हातात धरून जागच्या जागी थांबला. वर पायऱ्यांकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, आम्हाला ऐकू येतंय."

तू गप्प झालीस. तुला मैदानावर गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. मला खूप एकटं वाटलं आणि मी लागोपाठ दोन सोपे चेंडू घालवले. मध्यंतरात तू खाली आलीस, पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीस आणि कानाशी पुटपुटलीस, "आता मी सांगेन त्याच्या उलट कर." त्यानंतर तू जे काही केलंस त्याला तोड नाही. तू खड्या आवाजात "डावीकडे जा" म्हणायचीस, अख्खं पुणे डावीकडे सरकायचं आणि मी उजवीकडून आरामात बास्केट करायचो. आम्ही बरोबरीत आलो. पण शेवटी शेवटी माझाच गोंधळ उडाला. तू "मागे बघ" म्हणालीस. ते खरं की उलट, याचा विचार करत मी असा उभा राहिलो की दाढीवाल्याने मागून येऊन चेंडू अलगद काढून नेला. तेवढ्या एका बास्केटने आम्ही हरलो. कायमची नोकरी दुसऱ्याला मिळाली.

सामना संपल्यावर तो दाढीवाला हसत हसत तुझ्याकडे आला आणि पाया पडला. "काकू, हे कुठलं मराठी? आमची पणजी असं बोलत असेल." तू म्हणालीस, "तंजावरचं. तुम्ही मागाहून बदललात, आम्ही काय करू?" दुसऱ्या दिवशी त्यांचा सगळा संघ आपल्या घरी जेवायला होता. एवढे उंच लोक बसणार कुठे, म्हणून तू त्यांना भिंतीला टेकवून ओळीने बसवलंस. सांबाराची चव घेऊन एकजण म्हणाला, ही तर चिंचेची आमटी. तू त्याचं पान पुन्हा वाढलंस, पण त्याला माफ केलं नाहीस. महिन्याभराने त्याच दाढीवाल्याचा फोन आला. त्यांच्या सेंटरचा खांदा निखळला होता, मी एका मोसमासाठी येईन का? अप्पा म्हणाले, एका मोसमासाठी म्हणजे पुढे काय? बँकेच्या परीक्षेला बस. तू पोळी लाटत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "जाऊ दे त्यास. नाही जमलं तर पुण्याहून गाड्या परतही येतात."

जमलं, आणि नाहीही जमलं. पुण्यात मी बहुतेक वेळ बाकावरच होतो. सुट्टीत घरी येऊन तोंड पाडून बसलो, तेव्हा तू विचारलंस, "बाकावर बसून काय बघितलंस?" मी म्हणालो, काही नाही. "मग फुकट बसलास," एवढंच बोलून तू भाजी निवडायला लागलीस. तेव्हा मला त्याचा राग आला होता. पण पुढच्या मोसमात मी बघायला लागलो. कोण दमला की कुठल्या पायावर भार टाकतो, कोणाला चिडवलं की तो चुकतो, हे सगळं. त्यावर मला पुढची कितीतरी वर्षं काम मिळालं. भिलाई, इंदूर, कोची, मस्कतमधला एक हिवाळा, आणि गाजावाजा करून सुरू झालेली नि चहा निवायच्या आत बंद पडलेली एक लीग. कोणाच्या भिंतीवर माझं पोस्टर लागलं नाही. भारताकडून खेळलात का, असं लोक विचारतात, मी नाही म्हणतो आणि मग ते विषय बदलतात. पण कुठल्याही संघाचा सेंटर जायबंदी झाला की कोणीतरी म्हणायचं, तो चेन्नईचा मराठी आहे ना, त्याला बोलवा.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू आजारी पडलीस त्या वर्षी मला एकाही संघाने बोलावलं नाही, म्हणून तू सगळ्या देवांशी भांडत होतीस. मी मात्र मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होतो. माझी कायमची नोकरी असती तर चार दिवसांची रजा मिळाली असती. कामच नव्हतं, म्हणून तुझ्याजवळ सहा महिने राहता आलं. संध्याकाळी तुला चाकांच्या खुर्चीवर बसवून कोपऱ्यावरच्या मैदानाशी न्यायचो. तिथल्या पोरांचा खेळ बघून तू हळू आवाजात म्हणायचीस, "तो पिवळा शर्ट पुढे जाईल." पुढे गेला, आई. तू गेल्यावर दोन वर्षांनी कोचीत माझ्याच संघात आला आणि माझीच जागा घेतली. मला किती आनंद झाला, ते त्याला कधी समजलं नाही.

आता सोमवारपासून अड्यारच्याच एका शाळेत मी मुलींना शिकवणार आहे. कायमची नोकरी. अप्पांना सांगितलं, तर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी करून पुन्हा सांगायला लावलं.

हे पत्र मी नागरीत लिहितोय. पुण्याच्या खोलीत त्या दाढीवाल्याने मला ही अक्षरं शिकवली आणि भाषाही थोडी त्याच्यासारखी करून टाकली. तुला नागरी येत नव्हती, तू आपलं मराठी तमिळ अक्षरांत लिहायचीस, मलाही लहानपणी तसंच शिकवलंस. तमिळ अक्षरांत लिहायला मी बसलोही होतो. पण पहिल्याच ओळीला वाटलं, तू माझ्या खांद्यावरून वाचते आहेस, आणि मला लाज वाटली. म्हणून मुद्दाम हे असं लिहिलं.