गृहिणी गट, फॉर्म क्रमांक एक

३ जानेवारी, सकाळी ७.१०, जळगाव
नवीन वर्ष. संकल्प: पीएच.डी. यंदा संपवायचीच. विषय 'ताण, वेदना आणि मानसिक आरोग्य'. व्यापारी, मजूर, गृहिणी. प्रत्येकी तीस फॉर्म. सारिका पंधरा दिवसांपासून माहेरी, चाळीसगावला. विश्रांतीसाठी. जाताना म्हणाली, माझी आठवण आली तर फोन करा, डब्यासाठी करू नका. बायको रागावली असती तर असं बोलली असती का? घर शांत आहे. अभ्यासाला उत्तम.

९ जानेवारी, दोंडाईचा
मांगीलालशेठ यांच्या मिरचीच्या दुकानी सहा फॉर्म दिले. भाऊ, मुलं, सगळ्यांचे. शेठनी सहाही एकट्यानेच भरले. घर एक तर ताणही एकच, म्हणाले. सगळीकडे 'अजिबात नाही'. मी हरकत घेणार होतो, तेवढ्यात चहा आला.

दुपारी मजूर गट. भागाबाई, मिरचीचे देठ खुडतात. हातांची आग शून्य ते दहात किती, विचारलं. म्हणाल्या, "आग व्हस. पण काम थांबत नही ना भाऊ, मंग शून्य लिख." मग दहा केव्हा? "जव्हय घरना इचारतीन, तव्हय." घरचे विचारतील तेव्हा, हे उत्तर पर्यायांत बसत नव्हतं. लिहिलं नाही.

१७ जानेवारी
फोन करायचा होता. आधी आठवण यायला हवी. प्रामाणिकपणे तपासलं, काहीच वाटत नाही. जेवणाला चव नाही, झोप तुटक, टीव्हीवर काय चाललंय कळत नाही. मिरचीची धूळ बाधली असणार. फोन उद्या.

१८ जानेवारी
उद्या.

२४ जानेवारी, धुळे
संघमित्रा मॅडम, माझ्या गाईड. नव्वद फॉर्म चाळले आणि म्हणाल्या, खानदेशात सगळे इतके सुखी असतील तर विषयच बदला. एकच फॉर्म खरा वाटतो. गृहिणी गट, क्रमांक एक. खांदा, आठ. 'त्रास कोणाला सांगता?' यापुढे बारीक अक्षरात: 'कोणी विचारलं तर सांगेन. आधी या कागदाने विचारलं.' बाकी सगळं बाजूला ठेवा, या बाईंना भेटा, म्हणाल्या. मी शब्द दिला. माझ्याकडे गोपनीयता कडक आहे, फॉर्मवर नाव नसतं. तरी शोधून काढीन.

२५ जानेवारी
नावांची यादी कपाटात सापडली. क्रमांक एक: सारिका.

प्रश्न नीट समजतात का ते बघायला ऑगस्टमध्ये तिच्याकडूनच पहिला फॉर्म भरून घेतला होता. घाईत होतो. न वाचता फाईलला लावला. खांदा कधीपासून दुखतो, मला माहीत नाही. लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

२६ जानेवारी, सकाळी १०.३०
कॉलेजचं झेंडावंदन उरकून फोन केला. तयारी पक्की होती. चुकायला नको म्हणून कागदावर लिहून घेतलं होतं: तुझी आठवण येते. तिने उचलला, हॅलो म्हणाली, आणि माझ्या तोंडून प्रश्न क्रमांक चार निघाला. खांद्याचं दुखणं, शून्य ते दहा?

ती म्हणाली, आता शून्य. मला बरं वाटलं. कधीपासून, विचारलं. म्हणाली, इथे आल्यापासून. आई रोज विचारते.

मग अजून काही विचारायचंय का, म्हणाली. फॉर्ममधलं काही उरलं नव्हतं. नाही म्हणालो. तिने फोन ठेवला. कागद हातातच होता.