फुलं दोरीबाहेरूनच टाका

आदरणीय चंद्रशेखर दाजी यांस माणिकरावचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची शुगर (आणि तिच्याहून जास्त तुमचा राग) खाली आली असेल अशी आशा करतो. ताईंच्या गुडघ्याला आराम पडला का, ते कळवावे. पत्रास कारण की, ट्रकवरची क्रेन चालवते म्हणून आठ महिने तुम्ही जिच्याशी बोलत नाही, त्या तुमच्या लेकीला, आपल्या समताला समजावून मेहकरला कुठेतरी पंख्याखाली बसवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मी ते मन लावून केलं आणि ते पार फसलं.

आमच्या विहारासाठी दीड टनाची बुद्धमूर्ती आली. ती चौथऱ्यावर चढवायला समितीचा सचिव या नात्याने मी मुद्दाम समताचीच क्रेन सांगितली, म्हणजे जेवताना तिला गाठता येईल. पाहुणे येणार म्हणून विहारासमोरचा जुना शोषखड्डाही मी भुसभुशीत मातीने भरला, वरून सारवला आणि रांगोळी काढून घेतली. तिथे खड्डा होता हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं.

भाचीबाईंनी आल्या आल्या मामाकडे पाहायचं सोडून वरच्या विजेच्या तारांकडे पाहिलं आणि गाडी त्यांच्यापासून लांब घेतली. मग गाडीचे चार लोखंडी पाय बाहेर काढून एकेकाखाली जाड फळी ठेवायला लागली. चौथा पाय नेमका माझ्या रांगोळीवर येत होता. ती थांबली, टाचेने जमीन दाबून पाहिली. तेव्हा मी भर गावासमोर निधड्या छातीने पुढे होऊन सांगितलं की खाली खड्डा आहे. (हे ताईंना जरूर वाचून दाखवा.) तिने गाडी हलवली आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. ऊन चढलं, खीरदानाची खीर गार झाली, पण बाई काही घाईला आली नाही.

मग तिने सभोवती दोरी बांधली. आता आपल्या बायकांची हौस अशी की मूर्ती वर जाताना खालून फुलं उधळायची. पंचफुलाबाई तर टोपली घेऊन बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, फुलं दोरीबाहेरूनच टाका," समता म्हणाली. "वर वजन लटकलं की खाली कोणीच नाही. तुम्ही नाही, मी नाही, सरपंच बी नाही."

सरपंच आतच होते. ते मुकाट्याने बाहेर आले, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिने मूर्ती आधी वीतभरच उचलली. मूर्तीला बांधलेले पट्टे पाहिले, गाडीचे पाय पाहिले, मगच वर नेली. दाजी, दीड टनाचा दगड अधांतरी होता आणि तो डुलत नव्हता. सगळं गाव माना वर करून उभं होतं. चौथऱ्यावर टेकला तेव्हा आवाज झाला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले, ते मूर्तीला की पोरीला, हे मला अजून सांगता येत नाही. जेवताना मी तोंड उघडलं ते फक्त आणखी खीर मागायला.

आपला,
माणिकराव

ता. क. खड्ड्याचं जरा वेगळं घडलं. तिने विचारलं तेव्हा मी आधी "पक्का मुरूम आहे" असंच सांगितलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मामा, खरं सांगा. इथं चुकलं तर माणूस मरते." मग सांगितलं. दाजी, तुम्हाला ज्याची भीती वाटते ते ती रोज कामाला हात लावण्याआधी आठवते.

दुसरा ता. क. निघताना ती म्हणाली, "बाबाले सांगजा, आज कोणाले खरचटलं बी नाही." आजचं मी कळवलं. रोजचं तुम्हीच विचारत जा, एवढ्यासाठीच हे पत्र. क्रेनवर असताना ती फोन घेत नाही. सहानंतर लावा.