एक दिवा झेनॉनचा, एक हॅलोजनचा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलेला, कंबर अजून एवढं वाकू देत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी आणि भावोजींचा खोकला, दोघंही ठीक असतील असं धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे, तुझी भावजय माझ्याशी बोलते, फक्त गाडीच्या वायरमनशी माझं बोलणं बंद आहे, आणि ते का, हे सांगायलाच हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणाचा वर्ग घेते आणि वर्ग सुटतो साडेसहाला. गेली सव्वीस वर्षं तिला आणायला मी जातो. बस आहे, अगदी आमच्या फाटकाशी थांबते. पण निवृत्त झाल्यापासून परतीच्या त्या वीस मिनिटांसाठी मी सकाळपासून दाढी करून तयार असतो, हे तुझ्यापासून काय लपवायचं? तर गेले काही महिने दिवेलागणीनंतर रस्ता मला अंधुक दिसू लागला. पाट्या नाकाशी आल्यावर दिसत, समोरून येणारे दिवे विस्कटल्यासारखे वाटत, आणि एकदा तर मी गाडी चौकातल्या फुलांच्या वाफ्यातून थेट पलीकडे नेली. (फुलं तशीही वाळलेलीच होती.) दोष अर्थात दिव्यांचा. पंधरा वर्षांचे जुने हॅलोजन, त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

आता हॅलोजन म्हणजे काय हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. (चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांचे प्रयोग मांडून दिले, समजावून सांगायची खोड जात नाही.) त्या दिव्यात एक बारीक तार असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते आणि उजेड देते. पण उजेड थोडा आणि उष्णता फार. आपल्या धाकट्या आत्यासारखं, काम चिमूटभर आणि तणतण घरभर. झेनॉनच्या दिव्यात तारच नाही. वाटाण्याएवढी काचेची कुपी, तिच्यात झेनॉन वायू आणि थोडे क्षार, समोरासमोर दोन टोकं आणि मध्ये फट. दिव्यामागच्या डबीतून वीसेक हजार व्होल्टचा झटका बसला की फटीतून ठिणगी उडी मारते, आणि मग तिथे विजेची इवलीशी कमान थोड्याशा विजेवर तग धरून राहते. पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात, पण आला की काय सांगू! हॅलोजन पंचावन्न वॉट खातो, हा पस्तीस. उजेड दुपटीहून जास्त. आयुष्यही कितीतरी अधिक, कारण तुटायला तारच नाही. रंग दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. फक्त त्याला भिंग नीट लागतं आणि रोख खाली ठेवावा लागतो, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

दोन्ही दिवे एकदम बदलावेत, हे कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. पण तुलना केल्याशिवाय मी आयुष्यात काही मान्य केलेलं नाही. मी वायरमनला म्हटलं, डावीकडे झेनॉन बसव, उजवीकडे हॅलोजन राहू दे. महिनाभर निरीक्षण, मग निष्कर्ष. त्याने हात जोडले. “काका, अशी गाडी जगात कुणी फिरवत नाही हो!” शेवटी बसवला. संध्याकाळी त्याच्या गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी उभी केली, माझ्या हातात वही, साक्षीला तुझी भावजय. दिवे लागले. वायरमन म्हणाला, बघा, डावीकडे दूध आणि उजवीकडे चहा. ती म्हणाली, खरंच की. आणि मला, ताई, दोन्हीकडे चहाच दिसत होता. मी वहीत ‘फरक शून्य’ असं लिहिलं आणि त्याला सांगितलं, तू मला फसवलंस, दोन्हीकडे हॅलोजनच आहे. त्याने दिवा काढून माझ्या हातात दिला, तरी मी हटलो नाही. वीस वर्षांत ज्याने एक स्क्रू खोटा लावला नाही, त्याला चारचौघांत लबाड म्हणालो. तो हात पुसत आत गेला. येताना तुझी भावजय भलत्याच गप्पा मारत राहिली.

असो. भाचीला सांग, नवी गाडी घेशील तर झेनॉनचीच घे, आणि दोन्हीकडे.

तुझा, नेहमी बरोबर असणारा,
धाकटा

ता. क. १: सहज आठवलं. गेल्या वर्षी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखलं होतं का? एका मित्राला माहिती हवी आहे. बिचारा जरा घाबरट आहे.

ता. क. २: मित्रबित्र कुणी नाही. मंगळवारी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. त्याने सगळं पिवळट दिसतं म्हणे. दिवा झेनॉनचाच होता. ऑपरेशनपर्यंत गाडी चालवायची नाही, असं बजावलंय. तेव्हापासून गाडी बिघडलीय अशी थाप मारून तिला रिक्षाने आणतोय, पण असं किती दिवस चालणार? ताई, मला भीती वाटते. सुईची वाटतेच, पण त्याहून जास्त, ती बसने येऊ लागेल आणि तिला तेच सोयीचं वाटेल ह्याची. तू चार दिवस येऊन राहा. तुझा हात धरून जाईन. तिला मात्र एक अक्षरही कळू देऊ नकोस.

ता. क. ३: वन्सं, नमस्कार. हे मी लिहिते आहे, आणि वरचंही सगळं माझ्याच हातचं आहे. ह्यांचं मूळ पत्र परवा पोस्टमनने परत आणून दिलं. पत्त्याच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, आतली पानंही तशीच. भिंग घेऊन वाचलं आणि जसंच्या तसं उतरवलं. ह्यांना बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. वायरमन रागावलेला नाही. त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, काकांचे डोळे दाखवा. ऑपरेशनसाठी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे, ती तुम्ही घेतली असं सांगू. बुधवारपर्यंत या. बसने मी कधीच येऊ शकले असते, पण ह्यांचं तोंड बघवलं नसतं. म्हणून गेले सहा महिने गाडीत मी एकसारखी बोलत होते. अहो, ती सायकलवाली मुलगी किती हळू चाललीय. डावीकडचं वळण आलं की कसं घर आल्यासारखं वाटतं, नाही? बाई गं, केवढा हा ट्रक! ह्यांना वाटायचं, बायकोला म्हातारपणी गप्पा सुचतात. डोळे बरे झाले की मला एकदा ह्यांच्या शेजारी बसून, खिडकीबाहेर बघत, एक शब्द न बोलता घरी यायचं आहे.