भाऊजींची खुर्ची

मु. पो. वेरूळ

फकिरा भाऊजी,

मी सांगतेय, नात लिहितेय. तुम्ही पुण्यात राहिलात, म्हणून सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंड्याला माजी सैनिकांच्या रांगेत तुमची खुर्ची रिकामीच होती. तुमच्या थोरल्या भावाला मात्र बोलावणंच नाय.

सरपंच म्हणाला, "आजी, आजोबा टेरिटोरियलवाले, अर्धवेळ शिपाई. माजी सैनिकांत धरत नाहीत."

म्हटलं, "एकाहत्तरच्या लढाईला अख्खे गेले होते बाबा. अर्धे मी घरी ठेवून घेतले नव्हते."

अन् ह्यांना तुमच्याच खुर्चीत बसवलं. हे लाजून उठायला लागले, तर शेजारच्या निजामुद्दीन हवालदारांनी हात धरला. "बैठो भाई. अपन एकीच खंदक में थे."

मग सरपंचानं हार आणला.

हे पत्र टपालात टाकणार नाय. वाचलं तर पुढल्या वर्षी खुर्ची मागायला याल, अन् ह्यांना ती लई शोभते.

तुमची वहिनी,
मनकर्णाबाई