आठशे पानांचे जादूगार आणि माझी सुकेळी

९ फेब्रुवारी, रविवार, दिवेलागण

पहिली आली ती हंसाच, आणखी कोण. आमच्याकडे चहाचं आधण चढलं की शेजारच्या घरात तिला कळतंच. आली रिकाम्या हाताने, बसली पाहुण्यांच्या खुर्चीत. मागून माझी नात क्षितिजा, विरारहून स्कूटीवर. काय पोरगी! चेहरा अगदी माझा, नाक तेवढं सुनेकडचं. सोबत तिच्या पुस्तकांच्या क्लबातली जागृती आणि अल्पेश. त्यांनी ओटीवर पुस्तक ठेवलं तर पाटा ठेवल्यासारखा आवाज. आठशे बारा पानं! जुन्या काळातला किल्ला, बंदर आणि दोन जादूगार.

मी विचारलं, जादू कितव्या पानावर? अल्पेश म्हणाला, आजी, घाई नाही करायची, हळूहळू मुरतं ते. म्हटलं, लोणचं आहे का? जागृती म्हणते, स्लो आहे त्यातच मजा. अशी मजा असेल तर आमच्या तलाठ्याच्या ऑफिसात रोज जत्राच म्हणायची.

क्षितिजा म्हणाली, मग तूच वाच आणि सांग ना. तेवीसला क्लब इथेच भरवू, पहिली तू बोल. हंसा फिसकन हसली. म्हणे, काकी चौथीपर्यंत शिकलेली, ती काय बोलनार या शिकलेल्या पोरांसमोर!

झालं. आता माघार नाही. रोज शंभर पानं, आठ दिवसांत फडशा. शिवाय पाहुण्यांना सुकेळी माझ्या हातची. राजेळी केळी पिकून तयार आहेतच, उन्हात सुकवायची तेवढी.

१० फेब्रुवारी

सात पानं. चष्म्याचा दोष. शिवाय सकाळ केळी सोलून सुकवायला मांडवावर पसरण्यात गेली. जादूगार अजून जेवतायत. कालवण कशाचं ते लिहिलंय, जादूचं नाव नाही.

११ फेब्रुवारी, दुपार

नऊ पानं. म्हातारा जादूगार जादू करायला परवानगीचा अर्ज लिहितो. अर्ज लिहायला चार पानं! धाकटा त्यातल्या चुका काढतो. आमचे हे विचारतात, बोअर होतंय तर वाचतेस कशाला? मी वाचत नाही, चुका शोधते. वाचणं वेगळं.

१३ फेब्रुवारी

हिशेब नीट मांडला. आधी जरा वॉर्मअप होता. आता रोज ऐंशी.

अर्ज परत आला. शिक्का चुकीचा. मी मोठ्याने हसले, मग हे बघतायत म्हणून तोंडात पदर धरला. हसले ते लेखकाला.

१५ फेब्रुवारी, दुपार

मांडवाशेजारी खाट टाकून वाचते. एका हाताने केळी उलटायची, एका हाताने पान. हंसा कुंपणावरून म्हणाली, काकी, ओठ हलतात तुझे. म्हटलं, नामस्मरण चाललंय.

आज लेखकाची मोठी चोरी पकडली! एका पानावर म्हातारा मरायला टेकलेला, वैद्याने हात टेकलेले. पान उलटते तो हा घोड्यावर! ना औषध, ना काढा. वा रे वा. लिहिणाऱ्याला डुलकी लागली, छापणाऱ्याला लागली, क्लबातल्या शहाण्यांना लागली. चौथी शिकलेलीला नाही लागली. तेवीसला हेच पहिलं काढणार. हंसा, तू बसच समोर.

१८ फेब्रुवारी

बारा पानं. एक गोष्ट मान्य, पुस्तक थांबतं. टीव्हीवरच्या बायका मी चष्मा पुसेपर्यंत नांदून काडीमोड घेतात. क्षितिजा फोनवर बोलते ते मला दुसऱ्या दिवशी समजतं. हा म्हातारा मात्र मी जिथे बोट ठेवून उठले तिथेच बसलेला असतो. बहुतेक आळशी आहे.

रोज शंभर आता लागणारच नाहीत. दीडशेंनी होईल.

२० फेब्रुवारी

सुकेळी गेली.

सांगते कसं. चार वाजता ती उचलून टोपलीत भरायची, वरून सुकी पानं घालायची, की दव लागत नाही. माझ्या सासूने पन्नास वर्षांपूर्वी शिकवलं, एक दिवस चुकलं नाही. काल चार वाजता म्हातारा किल्ल्याबाहेर आला. पान दोनशे एक. एका विधवेचं पैंजण वाळूत पडलं होतं आणि भरती चढत होती. तो म्हणाला, शोधा, सावकाश शोधा. आणि पाणी थांबलं. मंत्र नाही, धूर नाही. पाणी तिच्या घोट्याशी उभंच राहिलं, दारात पाहुणा उभा राहतो तसं. ती वाकून वाळू चाळतेय आणि अख्खा दर्या वाट बघतोय.

दोनशे पानांत एवढीच जादू! काय ही कंजुषी. मी तेवढी तीन पानं सहा वेळा वाचली, खात्री करायला.

अंधारलं तरी खाटेवरच. सुकेळी रात्रभर मांडवावर. सकाळी काळी आणि आंबूस. हे म्हणाले, गाईला घाल. गाईनेही तोंड फिरवलं. दवच यंदा जास्त आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

पहिली हंसाच. आज हात भरलेले, तिच्या सुकेळीचा डबा. पोरांनी हाणली. अल्पेश म्हणाला, हंसामावशी, मधासारखी. गिळलं.

मग मी उभी राहिले. पाऊण तास बोलले. जेवणं काढली, अर्ज काढले, शिक्का काढला. पोरं हसून हसून लोळली. क्षितिजाचा चेहरा तर असा, की तिची आजी कोणी मोठी बाई आहे! शेवटी म्हाताऱ्याचा घोडा काढला. अल्पेशने पुस्तक मागितलं, पान चाचपलं, मग नखाने सोडवलं. दोन पानं चिकटलेली होती. केळ्याच्या पाकाने. मध्ये एक मुंगी. आतल्या दोन पानांत औषध, काढा, सगळं होतं. हंसाने वास घेतला आणि म्हणाली, राजेळीच हाय.

हसले सगळे. मीही हसले. त्या तीन पानांपुढे मी गेलेच नव्हते, मग भरतीचं विचारावं म्हणून म्हटलं, त्या विधवेचं पुढे काय झालं? तिघं एकमेकांकडे बघायला लागली. पुस्तक माझ्याकडे यायच्या आधीच जागृती चाळिसाव्या पानावर थांबलेली, अल्पेश साठाव्या. क्षितिजाने तर उघडलंच नव्हतं. म्हणाली, आजी, तू बरोबर होतीस, भयंकर बोअर आहे, आम्ही ते सोडलं. पुढच्या वेळी बारीक पुस्तक घेऊ. हे वाचनालयाचं आहे, उद्या परत द्यायचंय, आणि तुझ्या जिवाला उगाच ताप झाला.

मी म्हटलं, ने बाई, ने. ओटी मोकळी होईल. वर पुसूनही दिलं.

क्षितिजाने स्कूटीच्या डिकीत टाकलं. झाकण बसेना, तर तिने वरून दाबलं.

आता खाट आत घेतली. काय करायचंय मला त्या बाईचं. पैंजण मिळालं तर मिळालं. ती किती वेळ वाकलेली राहील, पाठ भरून आली असेल, हा तिचा प्रश्न. हे म्हणतात, वाचनालयाचं नाव विचारून घ्यायचं होतंस. मी कशाला विचारू?

पोरं नऊ मार्चला परत येतो म्हणालीत. तोवर पाणी थांबलेलं.