जावळाच्या लोकरीची टोपी

आबा, गेल्या आठवड्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. नववा लागलाय तिला. दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होती. म्हणाली, "आई, आजोबांच्या सुताची टोपी पाठव. माझ्या बाळाला पहिली तीच घालायची." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. त्या टोपीचं खरं काय ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक होतं, आणि तुम्ही जाऊन आता किती वर्षं झाली.

तिच्या वेळी मला आठवा होता. तुम्ही म्हसवडहून दोन एसट्या बदलून आमच्या उसाच्या गावात आलात. सोप्यात खुर्ची होती, तरी खाली घोंगडी टाकूनच बसलात. अजून दिसतंय मला, चहाची बशी बाजूला ठेवून तुम्ही पिशवीतून सुताचा गुंडा काढताय. "जावळाची लोकर हाय. पांढऱ्या कोकराची. मेंढरांमागं चालता चालता कातली. तुला इणाय येतंय न्हवं? लेकराला टोपडं कर." कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिला आपण जावळच म्हणतो, लेकराच्या पहिल्या केसांना म्हणतात तसं. अख्ख्या कळपात तेवढीच मऊ. तुम्ही ती कुणाला देत नव्हता.

मी गुंडा नाकाशी नेला. मेंढरांचा वास आला, आणि मला लाज वाटली. सासूबाई एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या, लाज माझीच होती. वर मनाशी म्हटलं, घोंगडीसारखं टोचेल बाळाला. घोंगडी ताठ होते ती चिंचोक्याच्या खळीनं, आणि कोऱ्या सुताला खळ नसते, हे मेंढपाळाच्या लेकीला कळू नये? कळत होतं. मी बाजारातली पांढरी लोकर आणली आणि चार दिवसांत टोपी विणून टाकली.

बारशाला तुम्ही आलात. बाळ मांडीवर घेतलंत, टोपीवरून अंगठा फिरवलात. मी घाईघाईनं म्हणाले, "आबा, तुमच्याच सुताची." अंधारात नुसत्या हातानं मेंढरू ओळखणारा माणूस तुम्ही. अंगठा थांबला. मग म्हणालात, "झ्याक झालीया. ऊब हाय." माझ्याकडं काही बघितलं नाहीत. जेवून दुपारच्या गाडीनं गेलात. पुढं घरात तेच खोटं चालत राहिलं, आणि त्या टोपीतले फोटो बघत बघत लेक त्यावरच वाढली.

तुमचा गुंडा अजून ट्रंकेत होता, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात. कसर लागली नव्हती. रिठ्याच्या पाण्यात सूत धुतलं, सावलीत वाळवलं. दुकानातल्या लोकरीइतकं मऊ नाही, पण टोचत नाही. माझ्या गालाला लावून बघितलं आणि रडू आलं. दोन सुयांवर अठ्ठेचाळीस टाके घातले. सूत कुठं जाड, कुठं बारीक. जिथं बारीक तिथं तुम्ही चढण चढत असाल असं वाटत राहिलं. वरचे टाके ओवून आवळले, बाजू शिवली, सोललेल्या नारळावर घालून माप बघितलं. दोन दुपारी लागल्या. एवढंच काम होतं ते.

काल लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडली. "इतकी वर्षं खोटं बोललीस?" मी म्हणाले, "हो. आता खरी पाठवतेय." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजोबांना कळलं होतं का गं?"

मी नाही म्हणाले. तेवढं एक खोटं अजून ठेवलंय, आबा. ती जुनी टोपीही ठेवलीय, टाकवत नाही. तिच्यावरून तुमचा अंगठा फिरला होता.